शीटमधलं शून्य आणि टेरेसचा कॉलम

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २७ वर्षांच्या आहेत. स्ट्रक्चर्समध्ये एम.ई. केल्यावर गेली तीन वर्षं त्या नाशिकमध्ये एका आरसीसी कन्सल्टंटकडे नोकरी करतात. ऑफिस लहान आहे: सर, त्या आणि दोन ड्राफ्ट्समन. कंटिन्युअस बीमसाठी, म्हणजे दोनपेक्षा जास्त टेकूंवरून सलग जाणाऱ्या बीमसाठी, सरांनी स्वतः तयार केलेली एक्सेल शीट अठरा वर्षं वापरात आहे आणि बंगले, रो-हाउस यांचे बीम त्याच शीटवर होतात. लेखिकेनं गेल्या दिवाळीपासून रात्री घरी बसून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत फ्रेम ॲनालिसिसचा (बीम आणि कॉलम मिळून होणाऱ्या सांगाड्याच्या हिशोबाचा) प्रोग्रॅम लिहिला. एका बंगल्याचा दोन स्पॅनचा बीम दोन्हीकडे सोडवून पाहिला, तेव्हा मधल्या सपोर्टचा मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) शीटमध्ये ६०.७५ किलोन्यूटन-मीटर आला आणि प्रोग्रॅममध्ये ४७.९. म्हणजे शीट तिथे २७ टक्के जास्त मोमेंट धरते आणि लोखंड वाया जातं, असं त्यांनी साइटवरच्या मीटिंगमध्ये बिल्डरसमोर सांगितलं. सर तिथे काही बोलले नाहीत. ऑफिसात आल्यावर म्हणाले, “या शीटवर केलेली एकही बिल्डिंग आजवर पडलेली नाही. आणि जे मला वाचता येत नाही त्यावर मी सही करणार नाही.” तेव्हापासून दोघांचं कामापुरतंच बोलणं आहे. लेखिका विचारतात: शीट चुकीची आहे हे सिद्ध करून दाखवू का? सगळं काम पायथनवर नेण्याचा आग्रह धरू का? की पुण्यात नोकरी बघू?

प्रिय मैत्रीण,

पत्र वाचून झाल्यावर मी कागद-पेन्सिल घेतली आणि तुमचा बीम हातानं सोडवला. तुम्ही सगळे आकडे दिलेत त्यामुळे ते शक्य झालं. ४.५ मीटरचे दोन स्पॅन (टेकूंमधली अंतरं), मीटरला २४ किलोन्यूटन भार, बीम २३० बाय ४५०, कॉलम ३०० बाय ४५० आणि त्याची ३०० ची बाजू बीमच्या दिशेनं, वर-खाली तीन-तीन मीटरचे कॉलम, त्यांची पलीकडची टोकं फिक्स धरलेली. दोन्ही स्पॅन सारखे असल्यामुळे मधला सांधा फिरत नाही, म्हणून काम सोपं होतं. फिक्स्ड एंड मोमेंट (स्पॅनची दोन्ही टोकं जखडलेली धरली तर टोकाला येणारा) ४०.५. बाहेरच्या सांध्यावर बीमचा वाटा ०.३६५, दोन्ही कॉलमचा मिळून ०.६३५. बाहेरच्या टोकाला राहतात २५.७, आणि कॅरी ओव्हर (बीमच्या वाट्याचा पलीकडच्या टोकाला जाणारा अर्धा भाग) धरून मध्ये होतात ४७.९. तुमच्या प्रोग्रॅमचं उत्तर बरोबर आहे.

मग सरांच्या शीटचंही केलं. बीम नुसता तीन टेकूंवर ठेवलेला, टोकं मोकळी. मधल्या सपोर्टवर डब्ल्यू-एल-स्क्वेअर बाय ८ (मीटरचा भार गुणिले स्पॅनचा वर्ग, भागिले ८), म्हणजे ६०.७५. सरांचंही उत्तर बरोबर आहे.

समतोलाची तपासणी दोघांना लावून पाहा. सारखा पसरलेला भार असलेल्या कुठल्याही स्पॅनमध्ये दोन टोकांच्या मोमेंटची सरासरी अधिक मध्यबिंदूचा मोमेंट, ही बेरीज डब्ल्यू-एल-स्क्वेअर बाय ८ इतकी यायला हवी. शीटमध्ये शून्य आणि ६०.७५ यांची सरासरी ३०.४, मध्यबिंदूला ३०.४, बेरीज ६०.७५. तुमच्याकडे २५.७ आणि ४७.९ यांची सरासरी ३६.८, मध्यबिंदूला साधारण २३.९५, बेरीज तीच. दोन्ही हिशोब आपापल्या जागी नीट बसतात, कारण तुम्ही दोघांनी दोन वेगवेगळे प्रश्न सोडवले आहेत. सरांनी कॉलम नसलेला बीम सोडवला, तुम्ही कॉलमसकट फ्रेम सोडवली. त्यामुळे ‘शीट चुकीची आहे’ हे वाक्य तुम्हाला मागे घ्यावं लागेल. ‘शीट जो प्रश्न सोडवते तो आपल्या बंगल्याचा प्रश्न आहे का?’ असं विचारलंत तर ते योग्य होईल.

आता तुमच्या ४७.९ बद्दल. हा आकडा तुम्ही पत्रात तीनदा लिहिलात आणि प्रत्येक वेळी ‘खरा मोमेंट’ असं म्हणालात. त्याच कॉलमची ४५० ची बाजू बीमच्या दिशेनं वळवली की मध्ये ४४.६ येतात आणि टोकाला ३२.३. कॉलम पुन्हा होता तसा ठेवला, पण आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत भूकंपासाठी सांगितलेले तडकलेल्या सेक्शनचे आकडे वापरले, म्हणजे बीमला ग्रॉस इनर्शियाच्या (न तडकलेल्या पूर्ण सेक्शनच्या ताठपणाच्या मापाच्या) ३५ टक्के आणि कॉलमला ७० टक्के, तर मध्ये ४५ आणि टोकाला ३१.५. इमारत तीच, भार तोच. तुमच्या स्क्रीनवर दशांशानंतर सहा आकडे दिसतात, पण काँक्रीटला ते ठाऊक नसतात.

नाशिकमध्ये तर अजून एक गोष्ट आहे. आडगाव-ओझरच्या बाजूला काळ्या मातीत काम केलेल्या कुणालाही विचारा. एका प्लॉटवर दोन खड्ड्यांत मुरूम लागतो आणि तिसऱ्यात अजून काळी माती संपलेली नसते. समजा मधला कॉलम बाकीच्या दोघांपेक्षा ५ मिलिमीटर जास्त बसला. सरांच्या टेकूवाल्या बीममध्ये, एम२५ प्रतीचं काँक्रीट आणि ग्रॉस सेक्शन धरून, मधल्या सपोर्टचा मोमेंट तेवढ्यानं सुमारे ३२ किलोन्यूटन-मीटरनं बदलतो. काळानुसार काँक्रीट सैलावतं आणि हा आकडा उतरतो, हे खरं. तरीही ज्या १३ च्या फरकावरून बिल्डरसमोर वाद झाला, त्याच्या अडीचपट गोष्ट फुटिंगच्या (कॉलमच्या पायाच्या) खड्ड्यात ठरते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की कुठलाही एक आकडा ‘खरा’ म्हणून पुढे करू नका. दोन-तीन शक्यता धरून मोमेंट कुठून कुठपर्यंत जातो तो पट्टा काढा. तुमच्या प्रोग्रॅमचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे: सरांची शीट एका वेळी एक उत्तर देते, तुमचा प्रोग्रॅम एका मिनिटात वीस उत्तरं देऊ शकतो.

आता ज्यासाठी मी हे लांब उत्तर लिहायला बसले, त्या मुद्द्याकडे येते. मधल्या सपोर्टच्या आकड्यावर तुम्ही भांडलात. तिथे शीट जास्त मोमेंट धरते, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. दोन सळया जास्त पडतील, तेवढंच. तुम्ही बाहेरच्या टोकाकडे पाहायला हवं होतं. तिथे शीट शून्य म्हणते आणि फ्रेम २५.७ म्हणते. शीटमधल्या त्या शून्यावर कुणी विश्वास ठेवला तर बीमच्या टोकाला वरच्या बाजूला फक्त हँगर बार (रिंगा धरून ठेवणाऱ्या सळया) राहतील आणि कॉलमच्या कडेला वरून खाली जाणारी चीर येईल. ती चीर बहुतेक बंगल्यांमध्ये प्लास्टरखाली दबलेली असते आणि दोन पावसाळ्यांनंतर ओल घेऊन बाहेर येते.

त्याहून नाजूक जागा टेरेसची. मधल्या मजल्यावर टोकाचा मोमेंट वरच्या आणि खालच्या कॉलममध्ये वाटला जातो, शिवाय त्या कॉलमवर वरच्या मजल्यांचा भार असतो. टेरेसला वरचा कॉलम नाही. हाच भार धरून मी तिथलंही केलं: टोकाला १८.८ किलोन्यूटन-मीटर, आणि ते सगळे एकट्या खालच्या कॉलमला. या बीमकडून कॉलमवर येणारा उभा भार सुमारे ४७ किलोन्यूटन. शीटच्या पद्धतीत कॉलमला मोमेंट येतच नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाची किमान २० मिलिमीटर विकेंद्रता (भार कॉलमच्या मध्यापासून सरकलेला धरायचं अंतर) धरली तर जेमतेम १ किलोन्यूटन-मीटर होतो. म्हणजे फ्रेम सांगते १८.८ आणि शीटच्या वाटेनं गेलेला माणूस धरतो १. टेरेसचा भार प्रत्यक्षात वेगळा असेल, वर भिंती नसतात, पण हे प्रमाण फारसं बदलत नाही. वरच्या मजल्यावरच्या कडेच्या कॉलमला भार कमी म्हणून सळईही कमी, असा विचार करणाऱ्यांनी इथे थांबून पाहावं.

सरांनाही हे ठाऊक असणार, असं मला वाटतं, आणि तसं म्हणायला कारण आहे. आमच्या पिढीनं फ्रेम कागदावर सोडवल्या. हार्डी क्रॉस यांनी १९३० मध्ये मांडलेली मोमेंट डिस्ट्रिब्यूशनची पद्धत, नंतर कानीची पद्धत. आठ सांध्यांच्या फ्रेमला अर्धा दिवस जायचा. रोजच्या कामाला तेवढा वेळ नसायचा, म्हणून बीम टेकूंवर आहे असं समजून मोमेंट काढायचे आणि राहिलेलं ड्रॉइंगमध्ये भरून घ्यायचं: बाहेरच्या टोकाला दोन एक्स्ट्रा टॉप (वरच्या बाजूच्या जादा सळया), त्यांचं टोक कॉलममध्ये खाली वळवलेलं, टेरेसच्या कडेच्या कॉलमला खालच्या मजल्याइतकीच सळई चालू ठेवलेली. शीटमध्ये याचा मागमूसही नसतो. ते ज्ञान सरांच्या हातात असतं आणि ड्राफ्ट्समन सवयीनं काढत असतो. तसं असेल तर शीट आणि ड्रॉइंग मिळून एक पद्धत आहे आणि तुम्ही तिच्या फक्त अर्ध्या भागाची परीक्षा घेतलीत.

याचा धोकाही तिथेच आहे. उद्या सर निवृत्त झाले आणि ती शीट पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या ऑफिसात गेली, तर शून्य तेवढं जाईल, एक्स्ट्रा टॉप मागे राहतील. आपल्या गावात दिंडोरी रोडवर मेरी ही सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, शेजारी सीडीओ हे सरकारी डिझाइन कार्यालय आहे, डिझाइनची मोठी परंपरा इथे आहे; पण लहान खासगी ऑफिसांमध्ये हे ज्ञान कागदावर कधी उतरलं नाही. सगळ्यांच्या शीट्स एकमेकींच्या प्रती आहेत आणि मूळ गृहीतकं कुणी लिहून ठेवलेली नाहीत. मला याची मनापासून काळजी वाटते.

सरांचं दुसरं वाक्य, ‘जे मला वाचता येत नाही त्यावर मी सही करणार नाही’, तुम्ही पत्रात हट्ट म्हणून नोंदवलंत. मला ते वाक्य आवडलं. स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवर नाव सरांचं आहे. पंधरा वर्षांनी काही झालं तर महापालिका आणि पोलीस त्यांना विचारतील, तुमच्या प्रोग्रॅमला नाही. सही करणाऱ्याला प्रत्येक पायरी डोळ्यांनी पाहता आली पाहिजे ही मागणी रास्त आहे, आणि ती पूर्ण करण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर येते.

एक्सेलची ताकद नेमकी तीच आहे. कुठल्याही खान्यावर क्लिक करा, आकडा कुठून आला ते दिसतं. स्लॅबचा भार, भिंतीचा भार, सेक्शनची क्षमता, सळईचं वेळापत्रक, फुटिंगचा आकार, ही कामं शीटमध्येच राहू द्या. ती पायथनमध्ये नेऊन काही मिळत नाही, उलट ड्राफ्ट्समनच्या हातातून काम जातं.

पण शीट ज्या तऱ्हेनं बिघडते ते मी अनुभवलं आहे. उमेदवारीच्या दिवसांत मी जिथे होते तिथे चार स्पॅनची एक शीट होती. कुणीतरी मध्ये एक ओळ घालून पाचवा स्पॅन जोडला. एकूण भाराच्या बेरजेचं सूत्र जुन्या चार ओळींवरच राहिलं. स्क्रीनवर सगळं सुंदर दिसत होतं. फुटिंगसाठी रिॲक्शन (टेकूंवर येणारे भार) लिहून घेताना त्यांची बेरीज मी सहज भाराशी ताडून पाहिली आणि एका पूर्ण स्पॅनचा भार गायब असल्याचं कळलं. त्या दिवशी फुटिंगचं लोखंड साइटवर पोहोचलेलं होतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक शीटच्या पहिल्या पानावर एक ओळ असते: एकूण भार, एकूण रिॲक्शन, फरक. फरक शून्य नसेल तर खाना लाल होतो. सरांच्या शीटमध्ये ही ओळ नसेल तर ती घालून द्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यात कुणाचा मान जात नाही.

आणखी एक करा. शीटची प्रत काढून ‘गो टू स्पेशल’मध्ये जाऊन ‘कॉन्स्टंट्स’ निवडा. जिथे सूत्र असायला हवं तिथे कुणी हातानं आकडा टाइप केलेला असेल तर तो खाना लगेच उजळतो. अठरा वर्षांत घाईच्या दिवशी कुणी ना कुणी असा आकडा ठोकलेला असतोच. सापडला तर तो शांतपणे सरांना दाखवा.

आता तुमचा प्रोग्रॅम. फ्रेमसाठी पायथन हे योग्य साधन आहे यात मला शंका नाही. तीन गाळ्यांची (सलग तीन स्पॅनची) दुमजली फ्रेम घ्या. जमिनीशी जखडलेले चार सांधे सोडले तर आठ सांधे, प्रत्येकाच्या तीन हालचाली, म्हणजे चोवीस समीकरणं. एक्सेलमध्ये मॅट्रिक्स उलटवण्याची आणि गुणण्याची सूत्रं आहेत, चोवीस बाय चोवीसची मॅट्रिक्स त्यात बसतेही. पण एक गाळा वाढला की सगळी शीट पुन्हा मांडावी लागते. पायथनमध्ये सांध्यांची यादी बदलली की झालं, आणि समीकरणं सोडवायला नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीची एक ओळ पुरते. भाराच्या जोड्यांचंही तसंच. नाशिक आयएस १८९३ च्या त्याच आवृत्तीनुसार तिसऱ्या झोनमध्ये आहे, झोन फॅक्टर ०.१६. आडवा भार आला की टेकूंवरचा बीम काहीच सांगू शकत नाही, १.५ पट डेड (इमारतीचं स्वतःचं वजन) आणि भूकंप, १.२ पट डेड-लाइव्ह-भूकंप (लाइव्ह म्हणजे माणसं-सामानाचा भार), ०.९ डेड आणि १.५ भूकंप, डावीकडून आणि उजवीकडून, हे सगळं फ्रेमवरच करायला लागतं. सध्या तुमचा प्रोग्रॅमही एकाच मजल्याचा तुकडा सोडवतो, म्हणजे भूकंपाचा प्रश्न तुमच्याही हातून सुटलेला नाही. तो पुढचा टप्पा ठेवा. पूर्ण इमारतीचं त्रिमिती मॉडेल मात्र स्टॅड किंवा ईटॅब्ससारख्या रुळलेल्या सॉफ्टवेअरवरच करा आणि तुमचा प्रोग्रॅम त्याची तपासणी करायला वापरा.

पायथन फसवतं ते गप्प राहून. नमपायची मॅट्रिक्स चुकून पूर्णांकांची तयार झाली तर तिच्यात टाकलेल्या आकड्याचे दशांश ते काही न सांगता कापून टाकतं. एखादा सपोर्ट द्यायला विसरलात तर फ्रेम खरं तर कोसळायला हवी, पण आकडेमोडीतल्या सूक्ष्म चुकांमुळे कधी कधी समीकरणं ‘सुटतात’ आणि किलोमीटरमध्ये मोजावं असं विस्थापन हातात येतं. तुम्ही फक्त मोमेंट छापत असाल तर ते दिसतही नाही. म्हणून प्रोग्रॅमनं विस्थापनं छापलीच पाहिजेत. चिन्हांचा घोटाळा आणि मिलिमीटर-मीटरचा घोटाळा तर प्रत्येकाच्या हातून होतो. यावर मला माहीत असलेला उपाय असा की उत्तर आधीपासून ठाऊक असलेले आठ-दहा बीम आणि फ्रेम प्रोग्रॅमसोबत कायमचे ठेवायचे: साधा बीम, ज्याचं डिफ्लेक्शन ५ डब्ल्यू-एल-रेझ-टू-फोर बाय ३८४ ई-आय, कॅन्टिलिव्हर, एक टोक फिक्स असलेला बीम, हातानं सोडवलेला एक पोर्टल (दोन कॉलम आणि एका बीमची चौकट). प्रोग्रॅममध्ये एक ओळ जरी बदलली तरी हे सगळे आपोआप चालून जुळले पाहिजेत. शिवाय पायनाइट किंवा ॲनास्ट्रक्ट अशा खुल्या लायब्ररी आहेत. तुमच्या चार फ्रेम त्यांच्यावर घालून पाहा. दुसऱ्या कुणी लिहिलेल्या कोडशी उत्तर जुळलं की मन शांत होतं.

तरी मॉडेलच चुकीचं असेल तर कुठलंही साधन वाचवत नाही. नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या खाडीत २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइपनर ए या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवताना फुटला आणि सगळाच्या सगळा बुडाला. त्या काळातलं उत्तम फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर वापरलेलं होतं. पोकळ्यांच्या भिंती जिथे एकत्र येतात तिथे जाळी फार ढोबळ घेतली होती आणि शिअर (कातरणारा जोर) ४७ टक्क्यांनी कमी मोजला गेला. त्या जागचं लोखंडही अपुरं होतं. संगणकानं त्याला दिलेलं गणित अचूक केलं होतं. सरांच्या शीटबद्दलही हेच म्हणता येईल आणि तुमच्या प्रोग्रॅमबद्दलही.

मग करायचं काय? माझं मत असं आहे की शीट काढून टाकू नका आणि प्रोग्रॅमही गुंडाळून ठेवू नका. प्रोग्रॅमचं उत्तर सरांना वाचता येईल अशा एका एक्सेल फाइलमध्ये उतरवा. ओपनपायएक्सएल ही लायब्ररी त्यासाठीच आहे. पहिल्या पानावर गृहीतकं साध्या मराठीत किंवा ऑफिसात जी भाषा चालते तिच्यात: कॉलमची टोकं फिक्स, सेक्शन ग्रॉस की तडकलेले, लाइव्ह लोड सगळ्या स्पॅनवर की आलटून पालटून. (आयएस ४५६ नुसार लाइव्ह लोड डेड लोडच्या पाऊणपटीपेक्षा जास्त नसेल तर सगळ्या स्पॅनवर एकदम धरायला परवानगी आहे. भिंतींसकट बंगल्यात बहुधा तसंच असतं, त्यामुळे सरांची शीट तिथे नियमात आहे.) दुसऱ्या पानावर फिक्स्ड एंड मोमेंट, स्टिफनेस, वाटपाचे अंश, म्हणजे सरांनी आयुष्यभर कागदावर पाहिलेले आकडे. तिसऱ्यावर उत्तर, आणि त्याच्या शेजारच्या स्तंभात जुन्या शीटचं उत्तर. हे पाहताना सरांना पायथन यायची गरज उरत नाही. त्यांना मोमेंट डिस्ट्रिब्यूशन येतं आणि ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येत असणार.

मधल्या सपोर्टवरचा मोमेंट २१ टक्क्यांनी कमी करायचा का, हा निर्णय सरांवर सोडा. आयएस ४५६ काही अटींवर मोमेंटचं पुनर्वाटप (सपोर्टवरचा काही मोमेंट स्पॅनच्या मध्याकडे वळवणं) करू देतं, त्यामुळे अनुभवी माणूस हा फरक वेगळ्या नजरेनं पाहतो. बंगल्यात एका सपोर्टवर दोन सळया वाचल्या म्हणून बिल्डरचं घर भरत नाही. बिल्डरसमोर ‘लोखंड वाया जातं’ असं म्हणालात तेव्हा त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: या ऑफिसच्या डिझाइनमधून लोखंड कमी करता येतं. पुढच्या स्लॅबला तो टोकाच्या एक्स्ट्रा टॉपवरही घासाघीस करेल. बिल्डरसमोर बोलण्याचं खरं नुकसान हे झालं. त्याबद्दल सरांची माफी मागा. ‘बिल्डरसमोर बोलायला नको होतं, सर’ इतकं पुरे. गणिताबद्दल माफी मागायची गरज नाही.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी, ऑफिसात संध्याकाळी गर्दी नसताना, एकच प्रश्न घेऊन जा: “सर, टेरेसच्या कडेच्या कॉलमला बीमकडून मोमेंट येतो, तो आपण कसा धरतो?” सोबत हातानं लिहिलेलं एक पान न्या, लॅपटॉप नको. उत्तर आधीच ठरवून विचारू नका. शक्यता अशी आहे की सर जुनं ड्रॉइंग काढतील आणि पेन्सिल हातात घेऊन समजावायला लागतील. त्या वेळी लिहून घ्या. ते नियम तुमच्या प्रोग्रॅमला हवे आहेत, आणि तुम्ही लिहिले नाहीत तर कुणी लिहिणार नाही.

पुण्याबद्दल थोडक्यात. तिथल्या मोठ्या ऑफिसांतही रोजचं काम कुणीतरी पूर्वी केलेल्या शीट्सवरच चालतं, त्यामुळे फक्त साधनांसाठी गाव सोडू नका. पगारासाठी, मोठ्या कामांसाठी जावंसं वाटलं तर जरूर जा. इथे सिंहस्थाच्या निमित्तानं पूल, घाट, रस्ते अशी कामं निघाली आहेत, तीही एकदा पाहा. आणि कडेच्या कॉलमचा प्रश्न दोनदा, तीनदा विचारूनही सरांनी कानावर घेतला नाही, ड्रॉइंगमध्येही त्याची सोय दिसली नाही, तर तो मुद्दा तारीख घालून ई-मेलवर लिहून ठेवा आणि मग नोकरीचा विचार करा. मोमेंटच्या फरकावरून ऑफिस सोडू नये. सुरक्षिततेचा प्रश्न ऐकूनच घेतला जात नसेल तर सोडावं.

उद्या ऑफिसात गेलात की सगळ्यात आधी ड्राफ्ट्समनकडून पाच-सहा जुन्या बंगल्यांची टेरेस बीमची ड्रॉइंग्ज मागून घ्या. बाहेरच्या कॉलमवर एक्स्ट्रा टॉप आहेत का ते पाहा. असतील तर कॉलमच्या आतल्या कडेपासून वळवलेल्या टोकापर्यंत सळई कॉलममध्ये एकूण किती लांब जाते ते मोजा: एम२५ काँक्रीट आणि एफई ५०० प्रतीच्या सळईला डेव्हलपमेंट लेंथ (काँक्रीटनं सळई घट्ट धरायला लागणारी लांबी) सुमारे ४९ डाया (व्यास), म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळईला साधारण ५९० मिलिमीटर, आणि आयएस १३९२० या भूकंपासाठीच्या सळई-मांडणीच्या मानकानुसार बाहेरच्या सांध्यावर त्यात अजून दहा डायाची भर, वळणाची सूट वजा करून. प्रत्येक ड्रॉइंगसमोर वर्ष आणि मोजमाप लिहा. सरांशी बोलायला जाल तेव्हा तो कागद सोबत असू द्या, आणि त्यावर काय सापडलं ते मला नक्की लिहून कळवा.